आमचे ऊसी डॉक्टर

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायची आपल्याकडे रीत आहे. मला ती पाळता येणार नाही. ऊसी डॉक्टरांना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली, पण माझा त्यांच्यावरचा राग काही उतरलेला नाही. अजूनही एखादी मैत्रीण फोन करते, म्हणते, कंबर फार धरलीय गं, अॅक्युपंक्चर करून बघू का, तू त्या दवाखान्यात होतीस ना? मी तिला नीट, शांतपणे सगळं सांगायला बसते आणि पाच मिनिटांत माझा आवाज चढतो. तिला वाटतं मी तिच्यावर चिडले. मी चिडलेली असते ती त्यांच्यावर.

ऊसी म्हणजे तमिळमध्ये सुई. वेस्ट मांबलममध्ये एका कॉफीपुडीच्या, म्हणजे कॉफीची पूड दळून विकणाऱ्या, दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर त्यांचा दवाखाना होता. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं साधी डॉक्टरकी करून ते निवृत्त झाले होते आणि मधल्या काळात कधीतरी सुट्टी काढून अॅक्युपंक्चर शिकून आले होते. घराणं तंजावरचं, मराठी. लग्न केलेलं नव्हतं. एकटे राहायचे, आणि ते का एकटे राहतात हे त्यांच्याशी दोन वाक्यं बोललेल्या कोणालाही विचारावं लागत नसे.

मी त्यांना भेटले ती भाजीबाजारात. नवऱ्याची नोकरी गिंडीतल्या एका छोट्या कारखान्यात, म्हणून सांगलीहून चेन्नईत येऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. बी.एस्सी. झालेली, घरात रिकामी बसलेली, तमिळचा एक शब्द येत नाही. भाजीवालीने पिशवीत जून शेंगा घातल्या आणि मी तोंडातल्या तोंडात तिला एक ठेवणीतली सांगलीची शिवी घातली. मागून आवाज आला, "तिला तुझी भाषा कळत नाही, मज कळते." वळून पाहते तर एक बुटका, काळासावळा म्हातारा, पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, हातात दोन कच्ची केळी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी पुढे विचारलं, शिकलीस किती, घर कोठें, आणि मग म्हणाले, "अशी तोंडाळ बाई मज पाहिजे. काम करतीस काय?"

त्यांची मराठी ऐकून आधी वाटलं हा माणूस थट्टा करतोय. आमच्याकडे पणजीच्याही आधी कधीतरी मेलेले शब्द त्यांच्या तोंडात जिवंत होते, आणि त्यात गोळ्यांना मात्रै आणि ठीक आहेला सरी. माझी मराठी त्यांना बाजारी वाटायची. तसं ते रोज सांगायचेही.

तोंडाळ बाई कशाला पाहिजे होती ते पहिल्याच आठवड्यात कळलं. डॉक्टर नव्या पेशंटला पहिल्या दिवशी सुई लावत नसत. माणूस तांबरमहून लोकल पकडून, मांबलमच्या गर्दीतून वाट काढत, दोन जिने चढून आलेला असो, नाही म्हणजे नाही. पहिल्या दिवशी फक्त बोलणं. लोक भडकायचे, आणि डॉक्टरांवर भडकायची कोणाची टाप नव्हती म्हणून माझ्यावर भडकायचे. ते झेलायला मी होते.

पहिल्या दिवशी पेशंटने घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायच्या आणि टेबलावर ओतायच्या. कोण बिस्किटाच्या डब्यात घेऊन यायचं, कोण चपलेच्या खोक्यात. डॉक्टर एकेक पाकीट उचलून विचारायचे, ही कशाची, कोणी दिली, घेतोस की नाही. एका म्हाताऱ्या आजीच्या डब्यात एकच औषध दोन नावांनी निघालं. दोन डॉक्टरांनी लिहून दिलेलं, आणि ती बिचारी दोन्ही इमानाने गिळत होती. यांनी तिथल्या तिथे दोन्ही डॉक्टरांना फोन लावला आणि दोघांशीही भांडले. आजी गुडघ्यासाठी आली होती. गुडघा राहिला तसाच, पण तिची चक्कर थांबली.

मग माझी पाळी. नव्या माणसाला काय माहीत पाहिजे ते त्यांनी मला एका कागदावर लिहून दिलं होतं, आणि तो कागद मी मोठ्याने वाचून दाखवायचा. छापलेलं कोणी वाचत नाही असं त्यांचं म्हणणं. मराठी, हिंदी, इंग्रजी मी वाचायची. तमिळ मी सहा महिन्यांत घोकून पाठ केलं. रिकाम्या पोटी यायचं नाही, चक्कर येईल. बाही आणि पायजमा वर सरकेल असे सैल कपडे घालायचे. दिवस गेले असतील, रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल, छातीत यंत्र बसवलं असेल तर आधी सांगायचं, लाजायचं नाही. सुई नवीन आहे की नाही, पाकीट तुमच्यासमोर फोडलं की नाही, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं, आणि न बघता हात पुढे केला तर डॉक्टर ओरडतील. दुसऱ्या डॉक्टरने दिलेली कुठलीही गोळी त्याला विचारल्याशिवाय बंद करायची नाही. गाठ, बरेच दिवसांचा ताप, कारण नसताना घटलेलं वजन, छातीत दुखणं, यांसाठी इथे यायचंच नाही, आणि आला असाल तर या क्षणी उठून हॉस्पिटलात जायचं.

आणि कॉफी पिऊन यायचं नाही. ते जीभ बघायचे, आणि कॉफीने जीभ तपकिरी होते. मांबलममध्ये, कॉफीपुडीच्या दुकानावर बसून, सकाळी दहा वाजता बिनकॉफीचा माणूस मागायचा म्हणजे डोकं घरी ठेवून या म्हणण्यासारखंच होतं. दळण चालू असायचं, वास जिन्यात भरलेला असायचा, लोक खालीच मोहात पडून एक टंबलर मारून वर यायचे आणि जीभ दाखवली की परत पाठवले जायचे. दुकानदार आणि डॉक्टर यावरून अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

बरं होईल का, असं कोणी विचारलं की त्यांचा पारा चढायचा. "बरं करतों म्हणणारे रस्त्यावर तीन बसतात, त्यांच्याकडे जा," म्हणायचे. दुखणं काहींचं कमी होतं, काहींचं होत नाही, आणि का होतं हे मलाही पुरतं माहीत नाही, हे ते तोंडावर सांगायचे. सहा वेळा ये, सहाव्या खेपेला फरक वाटला नाही तर सातव्यांदा येऊ नकोस. सातव्यांदा आलेल्या एका साहेबांना त्यांनी खरंच जिन्यावरून परतवून लावलं. ते बिचारे म्हणत होते, फरक नाही पण तुमच्याशी बोलून बरं वाटतं. डॉक्टर म्हणाले, त्यासाठी बायको आहे.

सांगायला मजा वाटते. तेव्हा वाटायची नाही. माणसं रडत खाली उतरायची. मला रोज वाटायचं की यांचं म्हणणं खरं आहे पण ते असं दगड मारल्यासारखं सांगायची काय गरज आहे. एकदा तसं बोलले, तर म्हणाले, गोड बोललेलं लोक विसरतात.

सुया लावताना मात्र हा माणूस वेगळा व्हायचा. बोटाने चाचपत जागा शोधायचे, डोळे मिटून, आणि सापडली की हुंकार द्यायचे. पंखा बंद. चेन्नईच्या मे महिन्यातसुद्धा बंद, कारण वाऱ्याने पदर उडून सुईला लागेल. पेशंट घामाने निथळायचा आणि मनात यांचा उद्धार करायचा. सुया लावताना ते मोठ्याने मोजायचे, पेशंटनेही मोजायच्या, मी वहीत लिहायच्या. काढताना पुन्हा. तिन्ही आकडे जुळल्याशिवाय कोणी उठायचं नाही. आणि शेवटची सुई लागली की मला हुकूम यायचा, "वेळ लाव." मी घड्याळात बघून वीस मिनिटं धरायची, आणि एकोणीस झाली तरी, पेशंटने कितीही कळवळून सांगितलं तरी, मी पडद्याआड पाऊल टाकायचं नाही. चार वर्षं मी हे केलं. ते सांगतील तेवढा वेळ घड्याळ बघत उभं राहायचं हे माझ्या अंगात मुरलं होतं.

तिसऱ्या वर्षी त्यांची भाची आली. बहिणीची मुलगी, तिशीतली, चेन्नईतच वाढलेली. बँकेतली चांगली नोकरी सोडून तिने कुठलासा कोर्स केला होता आणि वेलनेस कोच झाली होती. सोमवार ते शुक्रवार सिरुसेरीच्या एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत बसायची, पोरांना झोप कशी लागावी, पाठ कशी ठेवावी, असलं सांगायची. बहिणीने गळ घातली म्हणून डॉक्टरांनी शनिवारी तिला आमच्या दवाखान्यातली लहान खोली दिली. देताना अटी घातल्या. गोळ्यांबद्दल तोंड उघडायचं नाही. न विचारता कोणाला जाड म्हणायचं नाही. आणि शरीरातली घाण बाहेर काढतों हे वाक्य या जिन्यात ऐकू आलं तर खोली रिकामी.

मला ती अजिबात आवडली नाही. हसून बोलायची, वहीत सगळं लिहून घ्यायची, आणि अर्धा अर्धा तास लोकांना नुसते प्रश्न विचारायची. किती वाजता झोपता, जेवताना कोण बरोबर असतं, किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो. याचे पैसे घेतात हे बघून मला चीड यायची. डॉक्टर तिला विचारपूस डॉक्टर म्हणायचे आणि मी मोठ्याने हसायची, तिला ऐकू जाईल अशी.

मग ते सिरुसेरीच्या पोराचं प्रकरण झालं. नागपूरचा मुलगा, मान आखडलेली, भाचीनेच पाठवलेला. त्याने पिशवी ओतली ती रिकामीच होती. हसत हसत म्हणाला, सर, मी महिन्यापूर्वी सगळ्या गोळ्या सोडल्या, आता नॅचरलच. कुठल्या गोळ्या, तर थायरॉइडच्या. त्याला वाटलं होतं सुया टोचणारा डॉक्टर हे ऐकून खूश होईल, पाठ थोपटेल. नवे लोक हीच चूक करतात. असल्या डॉक्टरला गोळ्या आवडत नसणार असं स्वतःच धरून चालतात, आणि एक तर सोडून येतात नाही तर लपवतात. डॉक्टरांनी हातातलं पेन भिंतीवर फेकलं. फोन त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाले, तुझ्या डॉक्टरला माझ्यासमोर फोन लाव आणि तू काय केलंस ते त्याला सांग. पोराचे कान लाल झाले. फोन लावला त्याने.

शनिवारी भाची आल्याबरोबर तिची खरडपट्टी निघाली. ती म्हणत होती, मी त्याला गोळ्या सोड असं कधीच म्हटलं नाही, फक्त शरीराचं ऐकायला शिक एवढंच म्हटलं. डॉक्टर म्हणाले, "तूं काय म्हटलीस ते जाऊं दे. त्याने घरी जाऊन काय केलें ते बघ. तें तुझें काम." ती रडली नाही, भांडली नाही. पुढच्या शनिवारपासून तिच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला ती पहिल्या वाक्यात सांगायला लागली की मी डॉक्टर नाही, तुमच्या गोळ्यांतलं मला काही कळत नाही, त्या तशाच चालू ठेवा. मला तेव्हाही वाटलं, नाटक आहे. डॉक्टरांचं बघून मी तिला तुच्छ लेखायला शिकले होते, आणि शिकवलेलं मी फार मन लावून शिकते.

त्यानंतर वर्षभराने असेल, एका शनिवारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिची मराठी अडखळती, मध्ये तमिळ, मध्ये इंग्रजी. म्हणाली, "अक्का, मामा जिन्यात थांबतो. आधी थांबत नव्हता. मला वाटतं काहीतरी बरोबर नाही."

मी म्हटलं, पासष्टी उलटलेला माणूस दोन जिने चढताना थांबणारच. ती म्हणाली, मी मागच्या चार शनिवारी पाहिलं, पहिल्या वळणावर थांबतो, कठडा धरतो, कोणी आलं तर चष्मा पुसायचं ढोंग करतो. तिने ते वहीत लिहिलं होतं. वहीत लिहिलंय म्हटल्यावर मला हसूच आलं. तरी मी त्यांना विचारलं. रक्तदाबाच्या गोळ्या त्यांना होत्या हे मला माहीत होतं. म्हणाले, "घेतों की. सकाळी मात्रै गिळूनच घरून निघतों." मी विश्वास ठेवला. समोर बसलेल्या कुठल्याही पेशंटवर मी इतक्या सहज विश्वास ठेवला नसता. पाकीट दाखवा म्हटलं असतं. भाचीने तपासून या म्हणून सांगितलं, तर तिला म्हणाले, तुझी विचारपूस सिरुसेरीत कर. ती तरी दर शनिवारी सांगतच राहिली.

महिन्याभराने, शनिवारच होता. सकाळचे साडेदहा. बाहेर बाकावर चार पेशंट बसले होते. मी पहिल्याला आत सोडू का विचारायला पडदा सारला, आणि आधी काय जाणवलं असेल तर वारा. पंखा चालू होता. डॉक्टर पेशंटच्या खाटेवर बसले होते. डाव्या हाताची बाही वर, मनगटाच्या आतल्या बाजूला तीन सुया. तोंड मेणासारखं, आणि पंख्याखाली बसून शर्ट भिजून अंगाला चिकटलेला.

मी विचारलं काय होतंय. म्हणाले, अपचन. मी विचारलं, छातीत दुखतंय का. ते मनगटातली एक सुई बोटाने फिरवत राहिले. मी म्हटलं, खाली जाऊन रिक्षा आणते. तेव्हा त्यांनी उजवा हात वर केला आणि नेहमीच्या आवाजात, माझ्यावर कायम ओरडायचे त्याच आवाजात म्हणाले, "दहा मिनिटं. वेळ लाव."

मी वेळ लावली.

छातीत दुखत असेल तर या क्षणी उठून हॉस्पिटलात जा, हे वाक्य मी चार वर्षांत चार भाषांत किती वेळा वाचलं असेल त्याला हिशेब नाही. ऐकायला नको म्हणणाऱ्यांना मी जिन्यापर्यंत ओढत नेलं होतं. आणि समोर तेच घडत असताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत उभी राहिले, कारण त्यांनी सांगितलं होतं. तीन मिनिटं झाली, पाच झाली. ते डोळे मिटून बसले होते. मध्ये एकदा डाव्या खांद्यावरून हात फिरवला. दहा झाली तशी मी म्हटलं, झाली. ते म्हणाले, अजून पाच.

तेवढ्यात भाची आली. पडदा सारून तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "अक्का, तू बघत उभी होतीस?" एवढंच म्हणाली, आणि जिन्याकडे धावली.

सुया मी काढल्या. तीन होत्या, तिन्ही मोजून ट्रेमध्ये ठेवल्या, तेवढी अक्कल मला तेव्हाही होती. बाकावरच्या चार जणांपैकी दोघांनी काही न विचारता डॉक्टरांना खुर्चीत बसवलं आणि खुर्ची उचलली. खाली कॉफीवाल्याने दळणाचं मशीन बंद केलं आणि रिक्षाच्या आधी स्वतःची गाडी काढली. अकरा वर्षांचा अबोला धरलेला माणूस तो. हॉस्पिटलात तरुण डॉक्टरने तमिळमध्ये विचारलं, दुखायला लागून किती वेळ झाला. भाची माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, अर्धा तास, मी पाहिल्यापासून. भाची म्हणाली, दोन महिने, आणि पर्समधून वही काढून त्याच्यापुढे धरली. त्या डॉक्टरने ती वही शेवटपर्यंत वाचली. त्याच्याइतकं लक्ष देऊन तोवर ती कोणी वाचली नव्हती, मी तर नाहीच.

नंतर मी त्याला विचारलं, दहा मिनिटांनी फरक पडला असता का. तो म्हणाला, सांगता येत नाही, कदाचित पडला असता. दोन महिन्यांपूर्वी आले असते तर मात्र नक्की पडला असता. घरच्या कपाटात भाचीला गोळ्यांची पाकिटं सापडली, महिन्या-महिन्याची विकत घेतलेली, एकही न फोडलेली. म्हणजे औषधवाल्याशीही खोटं, स्वतःशीही खोटं.

चौथ्या दिवशी पहाटे ते गेले. त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी चार ते पाच भेटायची वेळ असायची, तेव्हा मी गेले होते. नवरा म्हणाला होता, जाऊन नमस्कार करून ये. मी नमस्कार करायला गेले नव्हते. त्या शनिवारपासून झोप नव्हती आणि डोक्यात नुसता जाळ होता. नळ्या लावलेल्या माणसाशी भांडू नये हे मला कळत होतं. मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, गोळ्या का बंद केल्या.

त्यांनी उजव्या हाताची बोटं अंगठ्यावर घासून बघितली. मग म्हणाले, "ती मात्रै घेतली की बोटं गार पडतात. सुई कळत नाही. सुई कळली नाही तर मी काय करूं?"

मी म्हटलं, तर डॉक्टरला सांगायचं आणि गोळी बदलून घ्यायची. हे तुम्ही रोज पाच जणांना सांगत होता. एका फोनचं काम होतं. त्यांनी मान हलवली, लहान मुलासारखी, आणि त्या मान हलवण्याने मला जास्तच संताप आला. इतकं सोपं होतं ते, आणि त्यांना माहीत होतं, आणि तरी केलं नाही. स्वतः पेशंट व्हायची वेळ आली तेव्हा त्यांनी नागपूरच्या त्या पोराहून काही वेगळं केलं नाही. तो निदान खरं बोलला होता.

"आणि ती दहा मिनिटं?" मी विचारलं. "ती माझ्याकडून कशाला घेतलीत?"

नर्स येऊन बाटली बघून गेली. ती जाईपर्यंत ते थांबले.

"बाहेर चार जण बसले होते," ते म्हणाले. "ऊसी डॉक्टरास त्यांच्यापुढून उचलून इंग्रजी हॉस्पिटलांत नेलें म्हटल्यावर उद्यां कोण आलें असतें?"

"मी आले असते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत हे त्यांच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं, ते त्यांच्या तोंडावर स्वच्छ दिसत होतं. माझा राग आहे तो त्याचा.